ओळ संपते, शब्द संपत नाही

नेदरलँड्समधल्या एका स्टुडिओत आम्ही यंत्राला डच वाचायला शिकवत होतो. मजकूर मालिशकेंद्राचा होता. एका शब्दाशी माझी डच सहकारी हेडफोन काढून म्हणाली, ‘‘अगं, इथे सामुदायिक प्रार्थना कुठून आली?’’

शब्द होता ‘मसाझबेट’, मालिशचा पलंग. आघात दुसऱ्या अक्षरावर हवा. यंत्राने तो पहिल्यावर दिला, ‘झ’चा घशातला ‘ख’ केला आणि झालं ‘मासाखबेट’, म्हणजे जनसमुदायाची प्रार्थना. कागदावर दोन्हींचं स्पेलिंग तेच, ओळीअखेर तोडायच्या जागाही त्याच. शेवटी आजूबाजूचे शब्द बघून निर्णय घ्यायला यंत्राला शिकवलं: तेल, पाठ, खांदे दिसले तर पलंग.

डचमध्ये समास सलग लिहितात. मुलांच्या कार्निव्हल मिरवणुकीच्या पूर्वतयारीच्या कामांसाठी ४९ वर्णांचा, १५ अक्षरांचा एकच शब्द आहे! सांधे ओळखल्याशिवाय तो तोंडातून निघत नाही. बहुतेक समासांत मुख्य आघात पहिल्या पदावर येतो. पण नगरभवनाचेच दोन शब्द घ्या: ‘राटहाउस’मध्ये आघात पहिल्या पदावर, ‘स्टाटहाउस’मध्ये दुसऱ्या. अशा शब्दांची आम्ही वेगळी यादीच ठेवली.

सांधे ओळखण्याचा छापखान्यांचा त्रास आमच्या कितीतरी आधीचा. ‘क्वार्ट-स्लाखन’ म्हणजे पाव फेरे, ‘क्वार्ट्स-लाखन’ म्हणजे क्वार्ट्झचे थर. ओळीअखेरचं संयोगचिन्ह एक वर्ण सरकलं की अर्थ पार बदलला. ह्यूगो ब्रांट कॉर्स्टियस यांनी १९७० च्या प्रबंधात संगणकाकडून डच शब्द तोडून घेण्याचा प्रश्न हाताळला. पुढे १९८१ मध्ये ‘बाट्टुस’ या नावाने त्यांनी डच शब्दखेळांचं पुस्तक काढलं. नियमांना हुलकावणी देणाऱ्या शब्दांत इतका काळ रमलेल्या माणसाचा त्यांच्यावर जीव जडणारच.

माझा जीव जडला तो ‘ओमाच्य’वर. ‘ओमा’ म्हणजे आजी. रोमन लिपीत शेवटी एक ‘ए’. लाडाचा प्रत्यय लागला की ‘आ’ दीर्घ ठेवायला ‘ए’ दोन होतात. पण ओळीच्या शेवटी शब्द तोडला, की नियमाप्रमाणे त्यातला एक गळतो आणि वरच्या ओळीत पुन्हा साधी ‘ओमा’ उरते. म्हणजे यंत्राला कुठे तोडायचं एवढं सांगून भागत नाही, तोडताना काय गाळायचं तेही शिकवावं लागतं.