फुशियाला मे महिन्यात जपताना

डिसेंबर-जानेवारीत रोपवाटिकेतून हौसेने आणलेली फुशियाची कुंडी मार्चपर्यंत गॅलरीची शोभा वाढवते. कानातल्या लोलकांसारखी झुलणारी तिची लाल-जांभळी फुले पाहून घरी येणारा प्रत्येक जण चौकशी करतो. एप्रिल सरता सरता मात्र कळ्या उमलण्याआधीच गळू लागतात, पाने मलूल होतात आणि पाऊस येण्याच्या आतच कुंडी रिकामी होते. दोष अर्थातच उन्हाला दिला जातो. परंतु यांतली पुष्कळ झाडे उन्हाने नव्हे, तर काळजीपोटी घातलेल्या जादा पाण्याने दगावतात.

फुशियाच्या बहुसंख्य जाती मध्य व दक्षिण अमेरिकेतल्या, विशेषतः अँडीज पर्वतातल्या थंड, धुक्याने ओलसर राहणाऱ्या जंगलांतल्या. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल प्ल्युमिए याने सतराव्या शतकाच्या अखेरीस कॅरिबियन समुद्रातील हिस्पॅनिओला बेटावर हे झाड पाहिले आणि लिओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ त्याला हे नाव दिले. आपल्याकडे उटीसारख्या थंड हवेच्या ठिकाणी फुशिया सुखाने वाढतो, यात म्हणूनच नवल नाही. पुण्या-नाशिकच्या उन्हाळ्यात त्याच्याकडून फुलांची अपेक्षा करू नये; पारा तिशीच्या पुढे गेला की तो फुलणे थांबवतो. मे महिन्यात उद्दिष्ट एकच असावे, झाड जिवंत ठेवणे.

दुपारी पाने माना टाकतात तेव्हा खरी परीक्षा असते. कडक उष्म्यात पानांतून पाणी इतक्या वेगाने उडून जाते की माती ओली असूनही मुळांना तितक्या वेगाने ते पुरवता येत नाही. अशा वेळी पुन्हा पाणी ओतले की मातीतली हवा निघून जाते, आधीच तापलेली मुळे गुदमरतात आणि बुरशीने कुजतात. मुळे कुजलेले झाडही तहानलेल्या झाडासारखेच दिसते. मग माणूस आणखी पाणी घालतो! म्हणून कोमेजलेले झाड दिसताच प्रथम बोटाचे एक पेर मातीत खुपसून पाहावे. ओल लागली तर कुंडी गडद सावलीत हलवावी, आसपासच्या जमिनीवर पाणी शिंपडावे आणि संध्याकाळपर्यंत वाट पाहावी. उन्हे उतरल्यावर पाने ताठ झाली, तर झाडाला काहीही झालेले नाही. माती कोरडी असेल तर मात्र खालच्या छिद्रातून पाणी निथळेपर्यंत सावकाश घालावे. पाणी देण्याची उत्तम वेळ पहाटेची. गच्चीवरच्या टाकीतले दुपारचे पाणी हाताला चटका देते, ते मुळांना कसे मानवेल?

जागा पूर्वेच्या गॅलरीची असावी. सकाळचे तासभर कोवळे ऊन पुरे. पश्चिमेचे ऊन आणि वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या भागातून येणारे गरम वारे, दोन्ही घातक. काळ्या प्लॅस्टिकची कुंडी फार तापते. ती मातीच्या मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत वाळू भरावी आणि वाळू ओलसर ठेवावी. माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते, त्याच न्यायाने मुळेही गार राहतात. कुंडी फरशीवर थेट न ठेवता विटांवर ठेवावी आणि मातीवर नारळाच्या शेंड्यांचा किंवा पाचटाचा थर द्यावा.

खत या काळात पूर्ण बंद. वाढ थांबलेल्या झाडाला ते पचत नाही. सुकलेली फुले आणि त्यामागे धरणारी जांभळी फळे खुडून टाकावीत, म्हणजे शक्ती बियांत खर्च होणार नाही. जोरदार छाटणीचा मोह टाळावा. उघड्या पडलेल्या फांद्या उन्हाने भाजतात.

कोरड्या हवेत लाल कोळी ही कीड हमखास येते. पानांवर फिकट ठिपके आणि मागे बारीक जाळी दिसली, तर सकाळी पानांच्या मागच्या बाजूवर पाण्याचा फवारा मारावा. तेवढ्याने भागले नाही, तर कडुनिंबाच्या तेलाचा सौम्य फवारा संध्याकाळी द्यावा, उन्हात कधीही नाही.

नवे रोप घेताना लांब, नळीसारख्या केशरी-लाल फुलांचे ‘ट्रायफिला’ गटातले संकर मागावेत. दुहेरी पाकळ्यांच्या टपोऱ्या जातींपेक्षा ते उष्मा अधिक सोसतात. नागपूर-चंद्रपूरकडे मात्र फुशियाला हंगामी झाड समजणेच व्यवहार्य.

जूनमध्ये पावसाने हवा निवली की फांद्या एक तृतीयांश छाटाव्यात आणि नवी पालवी फुटल्यावर पातळ खत सुरू करावे. शेंडे खुडल्यापासून फुले यायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. तोवर कुंडी मुसळधार पावसाच्या माऱ्याखाली ठेवू नये आणि तिच्याखालची बशी काढून घ्यावी.