कढीपत्त्यापाशी थांबा

मॅक्रो फोटोग्राफी सुरू करायची म्हटलं की लोक आधी लेन्सची चौकशी करतात. माझ्या मते आधी झाडाची करावी. सोसायटीच्या कुंपणाशी कढीपत्ता आहे का? लिंबू? तेही नसेल तर रस्त्याच्या कडेला रुई तरी उगवलेली असतेच. कढीपत्ता आणि लिंबू यांच्यावर कॉमन मॉरमॉन आणि लाइम ही फुलपाखरं अंडी घालतात, रुईवर प्लेन टायगर, पानफुटीवर रेड पिएरो. कढीपत्त्यावरची लहान अळी पानावर पडलेल्या पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, त्यामुळे ती समोर असूनही कुणाला दिसत नाही. शेवटची कात टाकल्यावर ती हिरवीगार होते. एका झाडाकडे दोन-तीन आठवडे रोज पाहिलं, तर अंड्यापासून कोषाकडे चाललेला हा सगळा प्रवास घरबसल्या टिपता येतो. अळी कुठे पळून जात नाही आणि फुलपाखरासारखी सावलीला बुजत नाही. नवशिक्यासाठी तिच्याइतका चांगला विषय नाही.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. खरं मॅक्रो म्हणजे १:१. वस्तू जेवढी, तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर पडायची. फुल-फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमीचा असतो, म्हणजे ३६ मिमी लांबीची अळी चौकट या टोकापासून त्या टोकापर्यंत भरून टाकते. मॅक्रोच्या बहुतेक अडचणी इथून सुरू होतात. १:१ ला एफ/११ वर नेमका फोकस मिळतो तो जेमतेम एक-दीड मिलिमीटरच्या पट्ट्यात. एफ/२.८ वर तर हा पट्टा अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी उरतो. उडी मारणाऱ्या कोळ्याचे डोळे स्पष्ट आले तरी पाठ धूसर होते. छिद्र आणखी बारीक करावं, तर एफ/१६ च्या पुढे विवर्तनामुळे सगळंच चित्र मऊ पडू लागतं. त्यात लेन्स पुढे सरकते तसा प्रकाशही घटतो. १:१ ला एफ/११ हे जवळपास एफ/२२ सारखं वागतं, म्हणजे उजेड एक चतुर्थांश.

म्हणून मी म्हणतो, पैसे मोजायचेच असतील तर आधी उजेडासाठी मोजा. साधा फ्लॅश आणि त्याच्यापुढे बटर पेपर किंवा पॅकिंगमधला पांढरा फोम, एवढ्यात काम होतं. हा पडदा विषयाच्या जितका जवळ आणि जितका मोठा, तितका प्रकाश मऊ पडतो. नाहीतर भुंग्याच्या पाठीवर फक्त एक जळका पांढरा ठिपका दिसतो. कमी ताकदीवर फ्लॅशचा लखलखाट क्षणाच्याही अंशभर टिकतो, त्यामुळे हाताचा कंप आणि वाऱ्याने हलणारं पान दोन्ही गोठतात. सुरुवातीला मॅन्युअल मोड, एफ/११, १/२०० सेकंद आणि आयएसओ २०० एवढं ठेवावं आणि फ्लॅशची ताकद कमीजास्त करत शिकावं. मागची बाजू काळीकुट्ट येत असेल, तर विषयाच्या पाठीमागे जवळच एखादं पान येईल असा कोन निवडावा.

लेन्ससाठी घाई नको. ५० मिमीच्या लेन्समागे ५० मिमीची एक्स्टेंशन ट्यूब लावली की जवळजवळ १:१ मिळतं. त्या नळीत काच नसते, त्यामुळे ती स्वस्त पडते. टेलिझूम असेल तर पुढे रेनॉक्स डीसीआर-२५० सारखं ८ डायऑप्टरचं भिंग चढवता येतं. मात्र मग विषयापासूनचं अंतर साधारण १२ सेंटीमीटरवर येतं आणि तिथवर पोहोचेपर्यंत चतुर केव्हाच उडालेला असतो. मोकळ्या जागी कीटक टिपणाऱ्याला ९० ते १०५ मिमीची मॅक्रो लेन्स आवडते, ती या अंतरासाठीच.

फोकस कड्याने करायचा नाही. तो एका ठिकाणी बांधून टाकायचा आणि स्वतः केसभर पुढे-मागे व्हायचं. डोळा स्पष्ट झाला की बटण दाबायचं. डाव्या हाताने फांदी धरून त्याच मनगटावर लेन्स टेकवली, तर फांदी आणि कॅमेरा एकत्रच हलतात. फुलपाखराचे मिटलेले पंख सेन्सरला समांतर असतील, तर तो एक मिलिमीटरचा पट्टा अख्ख्या पंखभर पुरतो. ही एक युक्ती जमली तरी निम्मी चित्रं सुधारतात.

वेळ सकाळची, ऊन चढण्याआधीची. कीटकांना उडण्यासाठी ऊब लागते. हिवाळ्याच्या पहाटे टाचण्या आणि चतुर दवाने भिजून गवताच्या काडीला चिकटून बसलेले असतात, तेव्हा अगदी जवळ जाता येतं. पण पावसाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या मृगाच्या किड्याची गोष्ट वेगळी. आठ पायांचा हा लाल मखमली जीव पहिल्या सरींनंतर मातीवर येतो आणि सतत चालत राहतो. त्याच्यासाठी चिखलात कोपरं टेकून त्याच्या वाटेवर आधीच फोकस लावून थांबावं लागतं.

कीटक फ्रीजमध्ये ठेवून सुस्त करायचे, गोंदाने चिकटवायचे, अळीला काडीने टोचून तिचं लाल शिंग बाहेर काढायला लावायचं, हे प्रकार मला मुळीच मान्य नाहीत. कासच्या सड्यावर ड्रॉसेरा या कीटकभक्षी रोपाच्या चिकट थेंबांसाठी पोटावर लोळणारे पाहिले की जीव तुटतो. तिथली माती वीतभरही खोल नाही आणि शेजारची रोपंही तितकीच नाजूक आहेत. जे पायवाटेवरून दिसतं, तेवढंच टिपावं.

प्रत्येक चित्रासोबत तारीख, गाव आणि झाडाचं नाव लिहून ठेवा. फुलपाखराच्या पंखांच्या दोन्ही बाजू मिळाल्या तर उत्तम, कारण अनेक जाती खालच्या बाजूवरूनच ओळखू येतात. अशी नोंद आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर टाकली, की ओळख पटवायला जाणकार मदत करतात आणि तुमच्या कुंपणावरची अळी अभ्यासकांच्या नकाशावर येते.