कुंडीतला गांजा

स्वारगेटजवळच्या माझ्या दवाखान्यात मध्यंतरी एक आई कॉलेजातल्या मुलाला घेऊन आली. रात्र-रात्र झोप नाही, शेजारी पाळत ठेवतात असा सारखा संशय. गच्चीतल्या कुंडीत त्याने गांजा लावला होता. त्याला शेणखत नेमाने, स्वतःच्या जेवणाची मात्र शुद्ध नाही!

‘भांगेला कायद्यात सूट असते ना?’ आईने विचारले. गल्लत होते ती इथेच. १९८५ च्या केंद्रीय अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पाने व बी त्यात येत नाहीत. पण आपल्या राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात भांगही येते. शिवाय परवान्यावाचून झाड लावणे हाच केंद्रीय कायद्याने गुन्हा. एका कुंडीचीही सवलत नाही. शिक्षा १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड.

घरचे, शेणखतावरचे म्हणून ते निरुपद्रवी होत नाही. नशेचे द्रव्य तेच. कोवळ्या वयात त्याने भ्रम जडू शकतो. घराण्यात मनोविकार असल्यास धोका अधिक. सोडल्यावर पहिले एक-दोन आठवडे चिडचिड, निद्रानाश होतो, मग ओसरतो. पोलिसांच्या धास्तीने आईने तीन महिने घालवले होते. मी त्याला त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठविले.