पन्नाशी उलटलेला कॅम्प

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळच्या प्रतापगड परिसरात, धानाच्या बांध्यांच्या शेजारी प्रार्थनेच्या रंगीत पताका फडकतात. प्रतापगडावर महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते, तिथेच ख्वाजा उस्मान हारूनी यांच्या नावाचा दर्गा आहे. त्यामुळे शेजारच्या गोंपाचं, म्हणजे तिबेटी बौद्ध मठाचं, नवल बाहेरून येणाऱ्यालाच जास्त. तालुक्यात विचाराल तर या वसाहतीचं नोर्ग्येलिंग हे नाव क्वचितच ऐकू येईल. सगळे म्हणतात ‘तिबेटी कॅम्प’. या कॅम्पाला २०२२ साली ५० वर्षं झाली.

मार्च १९५९ मध्ये दलाई लामांनी ल्हासा सोडलं. त्यांच्या मागोमाग भारतात आलेल्या हजारो निर्वासितांना सुरुवातीला हिमालयातल्या रस्त्यांच्या कामावर लावलं गेलं. नेहरूंनी राज्यांकडे जमिनीसाठी शब्द टाकला. म्हैसूर राज्यात बायलकुप्पे वसलं, तेव्हाच्या मध्य प्रदेशात मैनपाट, ओडिशात चंद्रगिरी. महाराष्ट्राची पाळी आली १९७२ला, म्हणजे वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत आणि नेमक्या त्या कुप्रसिद्ध दुष्काळाच्या साली.

ल्हासा ३,६५० मीटर उंचीवर, आणि पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीचा मे महिना ४५ अंशांचा. सातूचं पीठ खाणाऱ्या, याक पाळणाऱ्या मुलखातल्या माणसांना इथे धानाचे पऱ्हे टाकणं, चिखलणी, रोवणा हे सगळं मुळापासून शिकावं लागलं. पुनर्वसनाच्या इतिहासात जमीन किती दिली याचे आकडे असतात. चिखलात वाकायला कोणी शिकवलं, याची नोंद नसते. माझ्या मते या वसाहतीचा खरा इतिहास तिथेच दडला आहे.

कोरडवाहू धानाचं एकच पीक. त्यावर घर चालत नाही, म्हणून भारतभरच्या तिबेटींप्रमाणे इथल्यांनीही स्वेटरचा धंदा धरला. त्याचं गणित शेतीशी चपखल बसतं. पावसाळ्यात रोवणा, दिवाळीच्या आगेमागे कापणी, आणि थंडीची चाहूल लागली की शहरांतल्या फुटपाथांवर दुकानं. माल लुधियानाचा, बराचसा उधारीवर. हंगाम संपला की हिशोब चुकता. थंडी पडलीच नाही तर माल अंगावर पडतो आणि उधारी तशीच राहते. धानाला पाऊस हवा, स्वेटरला गारठा. एका वर्षात दोन जुगार!

कागदांची गोष्ट याहून अवघड. नागरिकत्व कायद्यानुसार २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्माने नागरिक ठरतो. म्हणजे कॅम्पातली पहिल्या पंधरा वर्षांतली मुलं कायद्याने भारतीय, आणि त्यांचे आईवडील परदेशी नोंदणीच्या दाखल्यावर राहणारे. २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने अशांची नावं मतदारयादीत घ्यायला सांगितलं, तेव्हा तिबेटी समाजात मतभेद झाले: मत दिलं तर परतीचा दावा सैल होतो का? याच तालुक्यात अरुणनगरसारख्या गावांत पूर्व बंगालचे निर्वासित वसले आहेत. त्यांना परत जायचं नव्हतं; तिबेटींना जायचं होतं. तेव्हा वसाहतीचा वर्धापनदिन साजरा करायचा म्हणजे न परतल्याची वर्षं मोजायची. पहिल्या पिढीला तो सण वाटावा तरी कसा?

कागदोपत्री पत्ताही जुनाच. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. धरमशालेच्या तिबेटी निर्वासित प्रशासनाच्या लेखी मात्र ही वसाहत अजून ‘भंडारा’च आहे. जमिनीबाबत केंद्राचं २०१४ चं पुनर्वसन धोरण सांगतं की राज्यांनी तिबेटी वसाहतींना भाडेपट्टा करून द्यावा, मुदत २० वर्षं किंवा आदेशाने रद्द होईपर्यंत.