कॅथेटर स्वतःच्या हाताने

लघवी होते, पण पूर्ण होत नाही. मधुमेहाने नसा बधिर झाल्या, मज्जारज्जूला इजा झाली किंवा ओटीपोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली, की काही बायकांचे मूत्राशय आकुंचनच पावत नाही. आत साचलेल्या लघवीत जंतू वाढतात, पुढे मूत्रपिंडांवरही दाब येऊ शकतो.

यावर कायमची नळी आणि पिशवी, एवढाच उपाय नाही. मिशिगन विद्यापीठातले डॉ. जॅक लॅपिडेस यांनी 1972 मध्ये वेगळीच पद्धत मांडली: रुग्णाने स्वतः दिवसातून अनेकदा नळी (कॅथेटर) घालायची, लघवी काढायची आणि नळीही काढून टाकायची. तीही निर्जंतुक नव्हे, फक्त स्वच्छ! त्यांचे म्हणणे असे, की मूत्राशय फार ताणले की त्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा घटतो आणि मग जंतूंचे फावते. म्हणून वेळेवर रिकामे करणे सर्वांत महत्त्वाचे.

आधी साबणाने हात धुवावेत, मग ती जागा पुढून मागे धुवावी. कमोडवर बसावे किंवा एक पाय स्टुलावर ठेवावा. सुरुवातीला आरसा लागतोच. एका हाताच्या बोटांनी ओठ बाजूला केले की योनीमार्गाच्या जरा वर लघवीचे बारीक छिद्र दिसते. बारा नंबरची नळी चार मिलिमीटर जाड असते आणि बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर, त्यामुळे ती फार आत घालावी लागत नाही. लघवी सुरू झाली की थोडी पुढे सरकवावी, धार थांबली की सावकाश बाहेर घ्यावी. काढताना पुन्हा लघवी आली तर तिथेच थांबावे. अडली तर जोर न लावता दीर्घ श्वास घ्यावा. आणि काहीच येत नसेल तर ती बहुधा योनीमार्गात गेली आहे. असू द्यावी तिथेच, खूण म्हणून. नवी नळी तिच्या वरच्या छिद्रात घालावी. शिकताना हे बहुतेकींचे होते, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

साधारणपणे दिवसातून चार ते सहा वेळा नळी घालावी. एका वेळी 400-500 मिलिलिटरपेक्षा जास्त निघत असेल तर दोन वेळांमधले अंतर कमी करावे. तपासणीत जंतू दिसले तरी ताप, जळजळ नसेल तर सहसा अँटिबायोटिक लागत नाही. गरोदरपणाची गोष्ट वेगळी. थंडी वाजून ताप आला किंवा कंबरेच्या वर पाठ दुखू लागली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

एसटीच्या प्रवासाआधी पाणी बंद करण्याची बायकांची सवय इथे नडते. पाणी प्यावेच, निघताना मूत्राशय रिकामे करावे आणि चार तासांच्या आत कुठे थांबता येईल ते आधीच बघून ठेवावे.