पुदिना पाण्याचा, सब्जा उन्हाचा

इफ्तारच्या दस्तरखानावर ही दोन्ही झाडे शेजारी शेजारी येतात. भज्यांजवळ पुदिन्याची हिरवी चटणी असते आणि शरबताच्या पेल्यात फुगलेला सब्जा तरंगत असतो. म्हणून बाल्कनीत किंवा गच्चीवर थोडी जागा झाली की अनेक घरांत दोन्ही एकाच कुंडीत लावले जातात. मग महिन्या-दीड महिन्यात त्यांतले एक मरते. पाणी भरपूर घातले तर सब्जा मुळाशी कुजतो, बेताने घातले तर पुदिना वाळतो. दोष लावणारीच्या हाताचा नाही. या दोघांना एकमेकांच्या उलट गोष्टी लागतात, इतकेच.

तशी दोघे एकाच कुळातली. विश्वास बसत नसेल तर खोड दोन बोटांत धरून हलके फिरवून पाहा, ते चौकोनी लागते. पाने समोरासमोर, जोडीजोडीने येतात. तुळस, मरवा, ओव्याच्या पानाचे झाड हे सगळे याच खानदानातले. सातवीच्या मुलांना मी हे खोड हातात देऊनच शिकवते. चित्रापेक्षा बोटांना लवकर कळते.

फरक सुरू होतो तो जन्मापासून. पुदिना बियांपासून लावण्याच्या भानगडीत पडू नये. बाजारातून आणलेल्या जुडीतल्या जाड, निबर काड्या निवडाव्यात, खालची पाने काढून त्या पेल्यातल्या पाण्यात उभ्या कराव्यात. आठ-दहा दिवसांत पेरांना पांढरी मुळे फुटतात, मग मातीत लावाव्यात. म्हणजे आपल्या डब्यातला पुदिना हे नवे झाड नसतेच, तो कुणाच्या तरी झाडाचा तुकडा असतो. माहेरहून आणलेला पुदिना खरोखर माहेरचाच पुदिना असतो, त्याच चवीचा आणि त्याच वासाचा.

सब्जाचे तसे नाही. त्याचे झाड वर्षाचे. फुलते, बी धरते आणि संपते. पुढच्या वर्षी हवा असेल तर बी राखावे लागते. पहिल्यांदा लावणाऱ्यांनी किराणा दुकानातला फालुद्याचाच सब्जा घ्यावा, फार जुना नसेल तर उगवतो. भुसभुशीत मातीवर बी विखरून वर अगदी पातळ माती भुरभुरावी आणि पाणी शिंपडावे. लगेच प्रत्येक बियाभोवती तोच करडा, बुळबुळीत थर दिसेल जो आपण शरबतात पाहतो. झाडाने तो आपल्या फालुद्यासाठी बनवलेला नाही. कोंबाला पहिले काही दिवस ओल मिळावी म्हणून बियाने बांधलेली ती स्वतःची पाण्याची पिशवी आहे. आठवड्याभरात दोन-दोन इवली पाने वर येतात.

आता जागेचे. सब्जाला रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन हवे. सावलीत तो उंच, लांबट आणि बिनवासाचा होतो. वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे. कोकणातल्या धुवाधार पावसात त्याची कुंडी वळचणीला सरकवावी, नाहीतर पाने काळी पडून गळतात. पुदिन्याला मात्र सकाळचे तीन-चार तासांचे कोवळे ऊन पुरते. दुपारच्या उन्हात, विशेषतः मराठवाडा-विदर्भाच्या एप्रिल-मे महिन्यांत, त्याच्या पानांच्या कडा करपतात. त्याची मुळे खोल न जाता आडवी धावतात, म्हणून खोल कुंडीपेक्षा पसरट टब बरा. तळाला भोके हवीतच, कारण ओलावा हवा म्हणजे डबके हवे असे नाही. अंगणात मोकळ्या जमिनीवर लावलात तर तो शेजारच्या वाफ्यात घुसतो, कोथिंबिरीलाही जागा ठेवत नाही.

पण पाणी आणायचे कुठून? ज्या शहरांत चार दिवसांनी नळ येतो, तिथल्या गृहिणीला रोज पुदिन्याला पाणी घाला म्हणून सांगणे सोपे आहे. माझ्या मते आपल्या घरांत याचे उत्तर रोज पाच वेळा वाहून जाते. वुजूचे पाणी साबणाचे नसते. लोट्याने वुजू केला तर लिटर-दीड लिटरात होतो. खाली घमेले ठेवले की घरातल्या तिघा-चौघांच्या एका वेळच्या वुजूत पुदिन्याचा टब भिजून पाणी उरते. तांदूळ धुतलेले पाणीही चालते. एवढेही जमणार नसेल तर उन्हाळ्यात पुदिन्याचा हट्ट सोडून सब्जा लावावा. तो तहान सोसतो.

दोघांनाही कापलेले आवडते. पुदिना पेराच्या वर कात्रीने कापावा, तिथून दोन नवे फुटवे येतात. नुसती पाने ओरबाडली की काड्या उघड्या पडतात. पानांच्या मागे नारिंगी पूड दिसली तर तो तांबेरा. तेवढ्या फांद्या कापून टाकाव्यात, त्यांची चटणी करू नये. वर्षातून एकदा टब उपटून, जुनी लाकडी मुळे फेकून, तरणी मुळे नव्या मातीत लावावीत. सब्जाची पाने हवी असतील तर मंजिरी दिसताच खुडावी. बी हवे असेल तर मंजिऱ्या राहू द्याव्यात, मधमाश्या येऊ द्याव्यात आणि दांडे तपकिरी झाले की कापून कागदावर झटकावेत. एका झाडाकडून दोन्ही मागितले तर दोन्ही अर्धवट मिळते. निदान दोन कुंड्या कराव्यात, एक पानांची, एक बियांची.

सब्जाच्या पानांचा उपयोग आपण जवळजवळ विसरलो आहोत. आपल्याकडे पाने म्हटली की फुलवाल्याकडचा कबरीवर वाहायचा सब्जा आठवतो. इराणमध्ये हाच रैहान जेवणात कच्चा खातात. भाकरी-पनीरबरोबर ताटात रैहान आणि पुदिना दोन्हींच्या हिरव्या काड्या ठेवलेल्या असतात. कुरआनात सूरह रहमानमध्ये ‘रैहान’ हा शब्द आला आहे. त्याचा अर्थ सुगंधी वनस्पती असा व्यापक घेतला जातो, पण अरबी-फारसी बोलणाऱ्या मुलखांत सब्जाच्या झाडाला हेच नाव आहे. चार-पाच पाने टोमॅटोच्या सारात किंवा अंड्याच्या पोळीत घालून पाहा. ती शेवटी घालायची, उकळली की वास उडतो.

पुदिन्याबद्दल वेगळे काय सांगायचे! बिर्याणीच्या थरांतला, कबाबाच्या वाटणातला, ताकातला. सावलीत वाळवून चुरून बरणीत ठेवला तर पावसाळाभर पुरतो. उन्हात वाळवला की काळा पडतो आणि वासही जातो.

‘थंड’ या शब्दाबद्दल दोन वाक्ये. मेंथॉल जिभेच्या थंडी ओळखणाऱ्या नसांना जागे करते म्हणून गार वाटते, शरीराचे तापमान त्याने उतरत नाही. शिवाय घरच्या चटणीच्या पुदिन्यात मेंथॉल थोडेच असते. त्यासाठीचा पुदिना निराळा, तो उत्तर प्रदेशात बाराबंकीकडे शेतांतून पिकतो. सब्जाचे म्हणाल तर त्याच्या लिबलिबीत पाणीच जास्त, दिवसभर रोजा असलेल्याला ते बरेच. पण त्यामुळे शरबतातली साखर कमी होत नाही. घरात मधुमेही असतील तर सब्जा लिंबूपाण्यात द्यावा. आणि सब्जा कोरडा कधीही गिळू नये, लहान मुलांच्या हाती तर मुळीच देऊ नये. घशात तो फुगू लागला तर अडकतो. पंधरा-वीस मिनिटे भिजवून, पूर्ण फुगल्यावरच वापरावा. हल्ली चिया म्हणून जे महाग बी मिळते ते मेक्सिकोकडचे, याच कुळातले पण वेगळे झाड आहे. ते करडे-ठिपकेदार असते, सब्जा काळाभोर. फालुद्यासाठी सब्जा असताना चियाला पैसे का घालवावेत, मला कळत नाही.

राहिला प्रश्न कधी लावायचे याचा. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो. आता तो उन्हाळ्यातून थंडीत सरकतो आहे, आणि 2030 मध्ये तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस दुसऱ्यांदा सुरू होईल. सब्जाला पेरणीपासून बी हाती यायला साधारण तीन महिने लागतात, थंडीत त्याहून जास्त. त्यामुळे घरचा सब्जा शरबतात हवा असेल तर पाऊस ओसरताच, सप्टेंबरमध्ये पेरावा. पुदिन्याला एवढी आधीची तयारी लागत नाही. शाबानचा चाँद दिसला की चार काड्या पेल्यात ठेवल्या तरी चालतात, पहिल्या इफ्तारीला मूठभर पाने निघतात.