पिस्तुलाचे पार्सल

अमेरिकेच्या न्याय खात्याने जानेवारी २०२६ मध्ये दिलेल्या एका मताने तिथले बंदूकप्रेमी खूश झाले आणि बंदूकविरोधकांच्या पोटात गोळा आला. टपालाने पिस्तूल पाठवायला सामान्य नागरिकाला मनाई करणारा १९२७ चा कायदा घटनेच्या, शस्त्र बाळगण्याचा हक्क देणाऱ्या दुसऱ्या दुरुस्तीशी विसंगत आहे, असे हे मत. न्यायालयांवर ते बंधनकारक नाही. पण खटला भरणारे खातेच असे म्हणू लागले, की कायदा उरतो कागदावर.

या गदारोळात एक गोष्ट बाजूला पडली. १९२७ ची बंदी फक्त सरकारी टपालापुरती होती. खासगी वाहतूकदारांना ती लागूच नव्हती. म्हणजे काय, ते ली हार्वे ओसवाल्डने दाखवून दिले. १९६३ च्या सुरुवातीला डॅलसमधल्या या तरुणाने ‘हिडेल’ या खोट्या नावाने दोन हत्यारे मागवली. शिकागोच्या क्लाइन्स या दुकानाची रायफल टपालाने, पोस्ट बॉक्सच्या पत्त्यावर आली. किंमत १९ डॉलर ९५ सेंट, वर दीड डॉलर टपालखर्च. रायफलींना टपालबंदी नव्हतीच. रिव्हॉल्व्हरला होती, ते लॉस एंजेलिसच्या सीपोर्ट ट्रेडर्सने रेल्वे एक्स्प्रेस एजन्सी या खासगी कंपनीमार्फत धाडले. १० डॉलर आगाऊ, उरलेले माल ताब्यात घेताना. वॉरन आयोगाच्या निष्कर्षानुसार, नोव्हेंबरात त्या रायफलीने अध्यक्ष केनेडींचा जीव घेतला आणि रिव्हॉल्व्हरने पोलीस अधिकारी टिपिट यांचा.

१९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने मग रोख बदलला. पार्सल कशाने जाते यापेक्षा ते कुणाच्या हाती पडते, याला महत्त्व आले. ओहायोतल्या माणसाला आपले पिस्तूल टेक्सासमधल्या मित्राला थेट विकता येत नाही, भेटही देता येत नाही. ते टेक्सासमधल्या परवानाधारक विक्रेत्याकडेच जाते. तिथे मित्र ओळखपत्र दाखवतो, ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरतो, सहसा त्याची पार्श्वभूमी तपासली जाते आणि मगच पिस्तूल त्याच्या हाती येते.

अपवाद मोजके, पण मजेशीर आहेत. वारशाने मिळालेल्या पिस्तुलाला ही विक्रेत्याची अट नाही. दुरुस्तीसाठी कारखान्यात धाडलेले हत्यार थेट मालकाच्या घरी परत येऊ शकते. परराज्यात शिकारीला निघालेल्याला स्वतःच्याच नावे, तिथल्या ओळखीच्या माणसाच्या ‘केअर ऑफ’ पत्त्यावर पार्सल करता येते. ते फोडायचे मात्र मालकानेच.

एवढे सगळे पाळूनही ओहायोचा गृहस्थ अडतो तो पार्सलच्या खिडकीपाशी. परराज्यातल्या परवानाधारकाकडे खासगी वाहतूकदारामार्फत पिस्तूल पाठवायला कायद्याची हरकत नाही. पण यूपीएस आणि फेडएक्स या दोन बड्या कंपन्यांनी २०२२ मध्ये नियम आवळले. करार केलेल्या परवानाधारकांखेरीज इतरांचे हत्यार त्या घेत नाहीत. टपाल तर १९२७ पासूनच बंद. मग तो गावातल्या विक्रेत्याला पैसे मोजून त्याच्यामार्फत पिस्तूल धाडतो. आणि त्या विक्रेत्याला दुसऱ्या विक्रेत्याकडे ते टपालानेही पाठवता येते! पार्सल सेवा चालवणाऱ्या सरकारने नागरिकाच्या कायदेशीर हत्यारालाच वगळावे का, हा न्याय खात्याचा प्रश्न त्यामुळे अगदीच पोकळ वाटत नाही.

तरीही आनंदोत्सव आणि आक्रोश, दोन्ही नको तिथे चालले आहेत. टपाल खुले झाले, तरी राज्याबाहेरच्या खरेदीदाराला विक्रेत्याची पायरी चढावीच लागेल. काळजी करायची ती राज्यांतर्गत व्यवहाराची. एकाच राज्यातल्या दोन खासगी व्यक्तींच्या सौद्यात संघराज्याचा कायदा पार्श्वभूमीची तपासणी मागत नाही. टेक्साससारख्या अनेक राज्यांचे कायदेही मागत नाहीत. एल पासोहून ह्यूस्टनला निघालेले पार्सल सुमारे बाराशे किलोमीटर जाते, पण राज्याची सीमा ओलांडत नाही. टपालबंदी उठली, तर असे पिस्तूल पोस्टमन थेट घरी आणून देऊ शकेल, आणि ४४७३ चा अर्ज भरून घेणारा वाटेत कुणीच नसेल.